भोंगा ऊर्फ सायरन

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे. आजवर मी चारशे ऐंशी कुटुंबांचे प्राण वाचवले आहेत. हे मी म्हणत नाही, छापील अहवालांत तसं आहे. माझ्या वस्तीत घरं मात्र दोनशे चाळीसच आहेत. उरलेली दोनशे चाळीस कुठून आली, ते पुढे कळेल.

जुना म्हणजे वय फार नाही, सहा वर्षं. पण कारखान्यातली चाचणी सोडली तर या सहा वर्षांत मी फक्त दोनदा वाजलो आणि बाकीचा वेळ गंजलो. त्यामुळे म्हातारपण जरा लवकर आलं.

माझा जन्म वाघोलीच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. पोटात मोटर, तोंडाला मोठा कर्णा. पूर्वी पाळी बदलताना कारखान्यांत जे भोंगे वाजत, त्यांच्याच कुळातला मी. चाचणीच्या दिवशी मी असा काही ओरडलो, की समोरच्या टपरीवाल्याच्या हातातून चहा सांडला. मिस्त्री खूश झाला. म्हणाला, "आवाज खणखणीत आहे. आता वाजवतील तर शपथ." मला तेव्हा तो आशीर्वाद वाटला.

मला येरवड्यात नदीकाठच्या सुजातानगरात उभं करायचं ठरलं. खडकवासल्याचं धरण भरलं की पाणी सोडतात, ते शहरभर फिरून काही तासांनी सुजातानगरच्या पायऱ्यांशी येतं. आधीच्या पुरात ते आलं तेव्हा कुणालाच कळलं नव्हतं. माणसांनी आरडाओरडा केला, पण पत्र्यांवर पाऊस वाजत असताना शेजारचंही ऐकू येत नाही. कांताबाई नावाच्या आजी आहेत, वय ब्याऐंशी, खुब्याचं हाड मोडलेलं. त्यांना खुर्चीत बसवून, चौघांनी उचलून, अरुंद बोळातून खुर्ची तिरपी करत वरच्या शाळेत न्यायला अर्धा तास लागतो. त्या पुरात तो अर्धा तास मिळाला नाही. पाणी खाटेला लागल्यावर त्यांना दाराच्या फळीवर घालून पळवलं. तेव्हापासून आजी म्हणतात, "मला पाण्याची भीती नाही रे बाबांनो. घाईची आहे."

तर मित्रांनो, मी म्हणजे तो अर्धा तास. बाकी माझ्याबद्दल जे काही भाषणांत सांगतात, ते सोडून द्या.

भाषणं मात्र झाली. मला उभारायला एक सरकारी खातं आणि एक खासगी कंपनी एकत्र आली होती. याला भागीदारी म्हणतात. आपत्ती येऊन गेल्यावर खर्च करण्यापेक्षा ती येण्याआधी दोघांनी मिळून करावा, जोखीम वाटून घ्यावी, असा हा विचार आहे. विचार चांगला आहे. मी स्वतः त्या विचाराचं अपत्य आहे, त्यामुळे त्याला नावं ठेवणार नाही. माझी तक्रार पालकांबद्दल आहे.

उद्घाटनाला कंपनीकडून दिग्विजय नावाचे गोरेगोमटे अधिकारी आले. म्हणाले, "हा नुसता भोंगा नाहीये, इट्स अ प्रॉमिस!" खात्याचे रविराज साहेब म्हणाले, "शासन आणि उद्योग ही रथाची दोन चाकं आहेत." मागच्या रांगेतून मंदाकिनीबाईंनी विचारलं, "साहेब, वीज कोण देणार?" या बाईंची पिठाची गिरणी माझ्या खांबाला लागूनच आहे, भिंत आणि खांब यांत तीन फुटांचं अंतर. साहेब म्हणाले, "उत्तम प्रश्न." टाळ्या झाल्या. मग मला वाजवलं. मी जोरात वाजलो. ती वीज मांडववाल्याच्या जनरेटरची होती. संध्याकाळी मांडव गेला, त्याच्याबरोबर जनरेटर गेला आणि मी गप्प झालो.

आणखी एक गोष्ट झाली. माझ्या कर्ण्यावर कंपनीचं नाव रंगवलं होतं. ते पुलावरून जाणाऱ्या लोकांना दिसायला हवं, म्हणून माझं तोंड पुलाकडे फिरवून बोल्ट आवळले. वस्ती माझ्या पाठीशी आली. म्हणजे सहा वर्षं मी सुजातानगर पाहिलं नाही, नुसतं ऐकलं. गिरणीचा पट्टा, नळावरची भांडणं, कांताबाईंचा खोकला, असं सगळं पाठमोरं.

आता वीज का आली नाही ते सांगतो. याला कोण कारण असेल असं तुम्हाला वाटतं? शाळेतल्या निबंधाच्या बाई.

करारनामा मराठीत लिहायचं काम खात्यातल्या सुदर्शन नावाच्या कारकुनाकडे होतं. सज्जन माणूस. सातवीत त्याला बाईंनी शिकवलं होतं की चांगल्या लेखनात एकच शब्द पुन्हा पुन्हा वापरू नये, प्रत्येक वेळी नवा शब्द योजावा. त्याने चौथ्या कलमात लिहिलं, "भोंगा उभारण्याचा खर्च कंपनी करील." सातव्या कलमाशी येईपर्यंत भोंगा हा शब्द बराच वापरून झाला होता. म्हणून लिहिलं, "सायरनची वीज व देखभाल खाते पाहील."

झालं. खात्यानं पत्र धाडलं की सायरन उभा राहताच त्याला वीज देण्यात येईल; तूर्त जागेवर भोंगा आढळतो, तो कंपनीचा आहे. कंपनीनं उलट लिहिलं की आम्ही कराराप्रमाणे भोंगा दिला, सायरनचं तुमचं तुम्ही पाहा. मग तपासणी आली. तपासनीसांनी खांबाभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या, वर पाहिलं आणि शेरा मारला, "दोन यंत्रांपैकी एकच जागेवर आहे. दुसऱ्याचा शोध घ्यावा." माझ्या हरवलेल्या भावाचा शोध अजून चालू आहे.

जोखीम वाटून घ्यायची असं ठरलं होतं. वाटणीत ती सगळी सुजातानगरच्या वाट्याला आली.

अशी सहा वर्षं गेली. माझ्या मीटरच्या रिकाम्या पेटीत पालीनं संसार थाटला, कर्ण्यात कबुतरानं. वस्तीत भीमराव म्हणून एक गृहस्थ आहेत, कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर. ते दर महिन्याला खात्याला अर्ज देत आणि पोच आणत. पोचपावत्यांचं त्यांच्याकडे एक पिशवीभर भांडार झालं. मंदाकिनीबाई म्हणायच्या, "भीमराव, पूर आला की त्या पिशवीवर बसा. तरंगेल."

मग गेल्या पावसाळ्यातला तो दिवस आला. बुधवार होता. चार दिवस पाऊस थांबला नव्हता. धरणातून विसर्ग वाढवल्याचा निरोप वस्तीच्या मोबाइल ग्रुपवर सकाळी नऊलाच आला, पण त्याच्या आगेमागे फुलांची 'शुभ बुधवार' अशी बावीस चित्रं होती, त्यामुळे तो कुणी वाचला नाही. भीमरावांची श्रद्धा मोबाइलवर नव्हती, नदीच्या पायऱ्यांवर होती. सकाळी पाणी वरून अकराव्या पायरीवर होतं. एक वाजता ते तिसरीवर आलं.

भीमरावांनी माझ्या खांबाशी उभं राहून खात्याला फोन लावला. मी सगळं ऐकत होतो.

"पाणी चढतंय. सायरन वाजवा."

"सायरन अजून बसलेला नाही," पलीकडून उत्तर आलं.

"अहो, मी त्याच्या खालीच उभा आहे!"

"तो भोंगा. भोंग्यासाठी कंपनीशी बोला."

कंपनीच्या फोनवर एक गोड आवाज म्हणाला की मराठीसाठी एक दाबा. भीमरावांनी फोनच दाबून बंद केला आणि गिरणीकडे वळले.

आता मित्रांनो, प्रसंगाचं गांभीर्य ध्यानात घ्या. गिरणीच्या दारावर पाटी आहे, 'एक ते चार बंद. बेल वाजवू नये. दारही वाजवू नये.' बारा वर्षांत ती पाटी कुणी मोडलेली नव्हती. एकदा नगरसेवक दळण घेऊन आले होते, तेही चारपर्यंत ओट्यावर बसले.

भीमरावांनी दार वाजवलं.

"कोण आहे? वाचता येत नाही का?"

"मंदाकिनीबाई, मी भीमराव. पाणी तिसऱ्या पायरीवर आलं."

"सकाळी कितवीवर होतं?"

"अकराव्या."

दार उघडलं. बाईंनी डोक्याला पदर गुंडाळला होता. "काय हवंय?"

"तुमची वीज. गिरणीची मोटर सोडवून भोंग्याला जोडतो."

"परवानगी?"

"नाही."

"मग लवकर करा. परवानगी यायच्या आत झालं पाहिजे."

बाईंनी खटका पाडला. भीमरावांनी गिरणीच्या मोटरची वायर सोडवली, तीन फुटांवरून खिडकीतून ओढली आणि माझ्या पोटात जोडली. मग खटका बाईंच्या हाती सोपवून ते हातोडी घेऊन शिडीवर चढले.

"आता वर काय करताय?" बाई खालून ओरडल्या.

"याचं तोंड पुलाकडे आहे!"

"मग फिरवा की! पुलावर कोण राहतं?"

बोल्ट गंजले होते. चार घाव बसले. त्यांतले दोन कंपनीच्या नावावर बसले, ते चुकून बसले असं भीमराव आजही सांगतात. कबुतरानं घरटं सोडलं. मी करकरत, कुरकुरत फिरलो आणि मित्रांनो, सहा वर्षांत पहिल्यांदा मला माझी वस्ती दिसली. निळे पत्रे, दोरीवरचे भिजलेले कपडे, बोळाच्या टोकाला एक खिडकी आणि खिडकीत पांढऱ्या केसांचं एक डोकं. खोकत होतं. म्हणजे या कांताबाई. एवढ्याशा असतील असं आवाजावरून वाटलं नव्हतं.

खाली बाईंनी खटका वर केला.

आधी मी नुसता खाकरलो. सहा वर्षांचा गंज, पिसं, काड्या बाहेर पडल्या. मग आतली चकती फिरू लागली आणि मी ओरडलो. मी पाण्यावर ओरडलो नाही, पाण्याचा काय दोष. मी चौथ्या कलमावर ओरडलो, सातव्या कलमावर ओरडलो, रथाच्या दोन्ही चाकांवर ओरडलो. पत्र्यांवरचा पाऊस त्या दिवशी कुणाला ऐकू आला नाही. दारं उघडली, पोरं काखेत गेली, कागदपत्रांच्या पिशव्या निघाल्या. कांताबाईंच्या दाराशी चौघं खुर्ची घेऊन आले.

"घाई आहे का रे?" आजींनी विचारलं.

"नाही आजी. भोंगा आत्ताच झालाय. सावकाश."

"मग माझी शाल आण. आणि चष्मा."

शाल आली, चष्मा आला. खुर्ची बोळातून तिरपी होत शाळेत पोचली. त्यानंतर वीस मिनिटांनी पाणी आजींच्या खाटेवर चढलं. खाट रिकामी होती. वस्तीतलं एकही माणूस गेलं नाही. गिरणीत पाणी शिरेपर्यंत मी वाजत राहिलो. मग बाईंनी स्वतः खटका पाडला, कुलूप लावलं आणि त्या सगळ्यांत शेवटी वर गेल्या.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. कंपनीच्या वार्षिक अहवालात आलं की आमच्या भोंग्यानं दोनशे चाळीस कुटुंबं वाचवली. खात्याच्या अहवालात आलं की खात्याच्या सायरननं दोनशे चाळीस कुटुंबं वाचवली. बेरीज तुम्हीच करा.

आणि मंदाकिनीबाईंना नोटिसा आल्या, दोन. खात्याची, विनापरवाना वीज पुरवल्याबद्दल. कंपनीची, नाव विद्रूप केल्याबद्दल. दोन्हींत एक वाक्य सारखं होतं, "वायर तात्काळ काढून टाकावी." सहा वर्षांत भागीदारांचं एकमत झालेलं हे पहिलंच वाक्य.

बाईंनी गिरणीतल्या वहीचं पान फाडून, त्यावरचं पीठ झटकून उत्तर लिहिलं आणि पाठवण्याआधी माझ्या खांबाशी उभं राहून मोठ्यानं वाचलं. मी शब्दशः सांगतो:

"वायर काढणार नाही. कर्णा फिरवणार नाही. आजींना अर्धा तास लागतो, तो आपल्यापैकी जो देईल त्यानं येऊन वायर काढावी. येताना एक ते चार टाळावं."

खाली दोनशे चाळीस घरांच्या सह्या आहेत. कांताबाईंची सही सर्वांत मोठी आणि अर्ध्या पानाची आहे. त्यांना घाई नव्हती.

या पत्राचा परिणाम झाला. महिन्याभरात नवं कोरं मीटर घेऊन एक माणूस आला. त्यानं कागद पाहिला, खांबावरची पाटी पाहिली, पुन्हा कागद पाहिला.

"बाई, हे सायरनच्या नावानं आहे. पाटीवर भोंगा आहे."

"अहो, सायरन म्हणजेच भोंगा."

"ते मला कळतं हो. कागदाला कळत नाही."

भीमराव रंगाचा डबा घेऊन आले आणि पाटीवर 'सायरन' रंगवायला लागले. तो माणूस घाबरून म्हणाला, "नका, नका. मग भोंगा चोरीला गेल्याचं लिहावं लागेल." मीटर परत गेलं.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी आमच्यासारख्या वस्तूंनी विनवणी करायची असते. मी करणार नाही. सहा वर्षं भीमरावांनी केली, पिशवीभर. तुम्हाला एवढंच सांगतो, की तुमच्या गल्लीत माझ्यासारखा कुणी उभा असेल, तर त्याच्यावर कुणाचं नाव आहे ते वाचत बसू नका. त्याचं तोंड कुणीकडे आहे आणि वायर कुठून येते, ते पाहा. वायर येतच नसेल तर विचारा. उत्तर आलं नाही तर जोडा. माझी वायर जागेवर आहे, माझं तोंड वस्तीकडे आहे आणि कुणी फिरवायला आलंच तर बोल्ट भीमरावांनी आता वेल्डिंग करून पक्के केले आहेत.

पूर आला तो बुधवार होता. गुरुवारी आमच्या भागात दुरुस्तीसाठी दिवसभर वीज बंद असते.