मनूच्या कानाची रेघ

बोटाच्या शेंड्याला चिकटलेली काळी फीत — जेमतेम दोन इंच लांब, सुतळीच्या एका धाग्याएवढी रुंद — सुटता सुटत नव्हती. कंपासपेटीच्या तळाशी ती किती वर्षं पडून होती कोण जाणे, आणि गोंद अजून जिवंत! लवू परबांनी ती खिडकीच्या उजेडात धरली. नोकरीची पहिली दहा वर्षं असल्याच फितींनी त्यांनी सर्किटचे बोर्ड आखले होते. पारदर्शक कागदावर एकेक फीत वळवत, अंगठ्यानं दाबत, इथल्या टोकाचा करंट तिथल्या टोकाला नेऊन पोचवत... आता स्क्रीनवर रेघ ओढायची, दाबायला काही नाही, तरी अंगठा आपला दाबतोच आहे टेबलाला.

“काका, तीन दिवस झाले,” श्रेया म्हणाली. धाकट्या भावाची मुलगी. कॉम्प्युटर तिचा, खुर्ची तिची, पण तीन दिवस ती स्टुलावर. “चार रेघा राहिल्यात. पाचच्या आत फाइल फॅक्टरीत गेली पाहिजे.”

“चारच गो.”

“परवापण चारच होत्या.”

खरं होतं. एकशे बारा जोडण्यांतल्या एकशे आठ हातानं बसल्या होत्या आणि उरलेल्या चारांतली एक बसवावी तर दुसरी उठवावी लागत होती. बोर्ड काडेपेटीएवढा, मनगटावर बांधायचा. शेजारच्या खोलीतल्या मनूसाठी. मनू नऊ वर्षांची, जन्मापासून ऐकू न येणारी. आवाज झाला की माइकनं टिपायचा आणि इवल्याशा मोटरीनं मनगटावर थरथरायचं — दारावरची थाप, कुकरची शिट्टी, मागून येणारी मोटरसायकल.

पहिला बोर्ड श्रेयानं ऑटोवर टाकला होता. रेघा सगळ्या मशीननंच आखलेल्या. तो थरथरला, झकास थरथरला — खोलीत चिडीचूप असतानासुद्धा. मनू हरखली. भिंतीला हात लावून तिनं खुणेनं सांगितलं : भिंत बोलते. सारखी बोलते. लवूंनी बॅटरी काढून घेतली. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, हॅ, बिघडलंय हे. मनूनं विश्वास ठेवला. नसलेला आवाज आपण तिच्या हाती दिला, आणि तो नाहीच आहे हे ताडून बघायला तिच्याकडे दुसरं आहे काय?... म्हणून या खेपेला सगळं हातानं.

“एकदा ऑटो मारून बघू? तुझं सेव्ह केलंय. पुसत नाही मी, घाबरू नको.”

“मार. मी कशाला घाबरू?”

तीन दिवसांच्या रेघा एका क्षणात उठल्या. मग सगळ्या एकदम चालायला लागल्या. पालखी आली की गल्ली आपोआप दुभंगते तशा त्या एकमेकींना वाट देत होत्या, माघार घेत होत्या, पुन्हा निघत होत्या. एक्केचाळीस सेकंद. शंभर टक्के. त्या चारांतली एक तर बोर्डाच्या पाठीवर उतरून, मोठ्या चिपच्या पोटाखालून, एका भोकातून वर आली होती — मला का नाही दिसली ही वाट? तीन दिवस मी त्याच दारावर धडका देत होतो, आणि दार शेजारीच उघडं होतं... मत्सर वाटेल असं त्यांना वाटलं होतं. वाटला नाही. दंडावर काटा आला.

मग त्यांची नजर माइकची रेघ शोधत गेली. ती मोटरीच्या रेघेला खेटून, खांद्याला खांदा लावून निघाली होती. वाट जवळची म्हणून.

“बघ! मनूचा कान नेऊन मोटरीच्या मांडीवर बसवला. मोटरीची थरथर कानात, कानातली पुन्हा मोटरीत. एवढी अक्कल नाही ह्याला?”

“कुठून असणार? त्याला सगळ्या रेघा सारख्याच. तू सांगितलंस त्याला, ही नाजूक आहे म्हणून?” तिनं एक चौकट उघडली. “नियम इथं लिहायचे काका. हिच्यापासून तिला किती लांब ठेवायचं. रिकामीच आहे बघ.”

चौकटीत कर्सरची उभी रेघ लुकलुकत होती. सांगितल्याशिवाय पोराला कळेल कसं, मारतेस काय त्याला — चाळीतल्या किती आयांना हे ऐकवलं होतं त्यांनी! आणि स्वतः... चाळीस वर्षं बोट आपोआप थबकत आलं होतं. कुठं थबकायचं ते त्यांनी कधी कुणाला, स्वतःलाही, सांगितलं नव्हतं. इतकं आत साठलेलं, आणि त्याला साधा आकडा नसावा?

वडील, रामदास, गॅलरीच्या लाकडी कठड्यावर तळवा ठेवून उभे असत. गिरणीतल्या लूमखात्याच्या खडखडाटानं कान नेले होते. भोंगा त्यांना तळव्यात कळे. “वाजलो,” म्हणत आणि डबा उचलत. भोंगोच कशावरून, ट्रक नाय कशावरून, असं लवूनं एकदा विचारलं होतं. “ट्रक खालसून येता. भोंगो आतसून येता.” उत्तर होतं ते. पण चौकटीत लिहिण्याजोगं?

त्यांनी माइकची रेघ हातानं ओढली, मोटरीला लांब वळसा घालून. श्रेयानं तिच्यावर कुलूप लावलं. “आता बाकीचं मशीन करेल. पण नुसत्या कुलपानं नाही भागणार, ते बाकीच्या रेघा हिला आणून चिकटवेल. किती लांब? आकडा सांग.”

साडेचार झाले होते. आकडा तळव्यालाच विचारावा म्हणून लवूंनी पहिला, बोलक्या भिंतीचा बोर्ड पुढे ओढला, बॅटरी लावली, आणि त्याच्यावर तळवा ठेवून डोळे मिटले. बारीक थरथर आली. बाहेर, गिरणीच्या जागी चाललेल्या टॉवरच्या पायात यंत्र खणत होतं; जमीन, चाळ, टेबल, सगळ्यांतून तेही येत होतं. खालसून? आतसून?... कळेना. हाताला पहिल्यांदाच कळेना. एवढ्याशा थरथरीत केवढं जग कोंबलेलं, आणि नऊ वर्षांची पोर ते एकटी सोडवत बसलेली.

“काका?”

“थांब गो,” तळवा न उचलता ते म्हणाले. “ऐकतोय.”