बिनबुडाचा प्याला

मित्रांनो, मी बैलाच्या शिंगाचा एक जुना प्याला आहे आणि मला बूड नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण माझ्या आयुष्यातलं सगळं बरंवाईट तिथूनच सुरू झालं.

ज्या बैलाच्या डोक्यावर मी वाढलो त्याचं नाव बार्रोसो. वाय्यापाता गावच्या उतारावरची बटाट्याची शेतं त्याने जन्मभर नांगरली. तो गेल्यावर एपिफानियोच्या वडिलांनी मला उकळलं, आतला गाभा ओढून काढला, काचेच्या तुकड्याने खरवडलं, चरबी लावून घासलं आणि तोंडाला पत्र्याची पट्टी बसवली. टोक मात्र टोकदारच ठेवलं. त्यामुळे मला उभं करता येत नाही. आडवं ठेवलं तर आतलं सांडतं, आणि सणाची दारू सांडली की गुरं डोंगरात फाकतात, असं आमच्याकडे मानतात. म्हणून माझा नियम असा: पहिले थेंब बोटाने डोंगराला शिंपडायचे, उरलेलं सगळं पिऊन टाकायचं आणि मगच मला पुढच्या हातात द्यायचं. एकदा हातात आलो की माझ्यापासून सुटका नाही.

सान्तियागोच्या सणाला गुरांच्या कानांत रंगीत फिती ओवतात, तो माझा कामाचा दिवस. डाव्या कानाच्या फितीला मी एकदा फिरतो, उजव्या कानाच्या फितीला पुन्हा एकदा. उसाची कडक दारू माझ्यात ओततात. तरण्या पोरांना मला अर्धाच भरून देतात. गोठ्याचा मालक म्हणजे घरातला सगळ्यांत वडीलधारा पुरुष. त्याला मात्र काठोकाठ. हा वयाचा मान! आमच्या गावात मान असाच मोजतात आणि तो उलटा मोजला जातोय, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

वडिलांमागून एपिफानियो मालक झाला. काय हात होता त्याचा! गरम, घट्ट. एका दमात मला रिकामा करायचा, मिशा पुसायचा आणि दोर घेऊन थेट माजलेल्या खोंडावर धावायचा. लोक टाळ्या वाजवायचे. तो मला उंच धरून ओरडायचा, "शिंग तेवढंच, आणि मीही तेवढाच!"

मित्रांनो, त्यातलं पहिलं खरं होतं. दुसरं हळूहळू खोटं होत गेलं, आणि ते सगळ्यांत आधी मला कळलं. त्याची बोटं बारीक झाली. पकड सैल झाली. पूर्वी सणाच्या दुसऱ्या दिवशी तो पहाटे गुरांमागे जायचा, आता दुपारपर्यंत अंथरुणातून उठेना. एकदा उंबऱ्यातच कोसळला आणि कपाळ फोडून घेतलं. दोष मात्र दारूला दिला.

"हल्ली भेसळ करतात लेकाचे," तो म्हणाला.

"तर काय," त्याचा कोंपाद्रे नेमेसियो म्हणाला. हा त्याचा जिवाभावाचा सोबती, त्याच्या मुलाचा धर्मबाप. सणाला मला भरण्याचं काम त्याचं. "आणि तुझ्या बायकोने रस्सा पातळ केला होता, कोंपाद्रे. पोटाला आधार नको?"

एपिफानियोची बायको सातुर्नीना मात्र त्याला खालच्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या नर्सने रक्तदाबाच्या गोळ्या दिल्या. वय झालं की अंगातलं पाणी कमी होतं, यकृत थकतं, तेवढीच दारू दुप्पट चढते आणि या गोळ्यांवर तर ती जिवावर बेतेल, असं बजावून सांगितलं. सातुर्नीनाने घरी येऊन ते आपल्या भाषेत सांगितलं.

"म्हाताऱ्या, मीठ तेवढंच आहे, पण रस्सा आटलाय. खारट होणार नाही तर काय?"

"मग घाल की पाणी वरून!" एपिफानियो हसत सुटला. "सणाला अर्धं शिंग घेऊ? पोरांसारखं? त्यापेक्षा मला परकर नेसव आणि बायकांत बसव."

पण सण जवळ आला तेव्हा तिने मला खुंटीवरून काढलं. मधमाश्यांचं मेण वितळवलं, त्यात चुलीची काजळी कालवली आणि मला आतून लिंपलं. टोकात जाड, भिंतींना पातळ. काळ्या शिंगात काळं मेण, कुणाला दिसणार? मला बाहेरून पाहिलं तर तोच मी. आत मात्र मी लहान झालो होतो.

दर वर्षी ती एक थर वाढवत गेली. हात फिरवताना माझ्याशीच पुटपुटायची, "सांभाळ रे त्याला." कुठल्या प्याल्याला असं काम मिळालं असेल? मला त्याचा फार अभिमान वाटायचा. नेमेसियो मला काठोकाठ भरायचा, एपिफानियो एका दमात संपवायचा आणि ताठ उभा राहायचा. वडीलधाऱ्याला आमच्याकडे तायता म्हणतात. लोक म्हणायचे, "तायताला वय शिवलंच नाही!" तोही तेच समजायचा. तिने त्याचा जीव राखला आणि त्याचा भ्रमही राखला. एकाबरोबर दुसरं वाढत होतं, हे तिच्या ध्यानात आलं नाही.

मग मुलगा विल्मेर शहरातून सणाला आला. चांगला मुलगा, बापावर जीव टाकणारा. सातुर्नीना बायकांबरोबर अंगणात मका उकडत होती. विल्मेरने मला खुंटीवरून काढलं, आत नाक घालून वास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"बाबा, किती वर्षांत धुतलं नाही हे शिंग? थांबा, आज चकचकीत करून देतो."

किटलीतलं उकळतं पाणी त्याने माझ्यात ओतलं, खळखळून हलवलं आणि घरामागच्या दगडांवर ओतून टाकलं. पुन्हा ओतलं, पुन्हा टाकलं. माझ्या आतून सगळे थर एकेक करून वाहून गेले.

"अरे देवा, केवढा हा मळ!" तो हसत म्हणाला.

मला तोंड आहे, पण बोलता येत नाही. त्या दिवसाइतकं त्याचं दुःख मला कधीच झालं नाही.

नेमेसियोने मला भरलं. एपिफानियोने थेंब शिंपडले आणि मला ओठांना लावलं. सातुर्नीना गाणं म्हणत दुरून बघत होती. त्याचा कंठ हलत राहिला, नेहमीच्या जागी थांबला नाही, आणि तिचं गाणं तुटलं.

"पुरे! खाली ठेव ते!" ती ओरडली.

सगळे हसले. "खाली कसं ठेवणार, मामाय?" नेमेसियो तिला म्हणाला. "त्याला बूड कुठाय?"

एपिफानियोने डोळा मारला आणि मला संपवलं. उजव्या कानाच्या फितीला पुन्हा एकदा संपवलं. तिने त्याचा हात धरला होता, पण सगळ्या गावासमोर त्याने तो झटकला. मग तो कुंपणाच्या दगडी भिंतीला टेकून उन्हात बसला. टोपी नाकावर ओढली.

"झोपू दे तायताला," लोक म्हणाले. "मान मिळवलाय त्याने."

सातुर्नीनाने खांदा हलवला, तेव्हा टोपी पडली. भर उन्हात त्याचा हात गार झाला होता. मी अजून त्याच्या मांडीवरच होतो.

माणसं त्याला आत घेऊन गेल्यावर ती मागच्या दगडांकडे गेली. गोठलेलं काळं मेण तिने नखांनी खरवडून काढलं आणि ओच्यात बांधलं. विल्मेर ओक्साबोक्शी रडत होता. त्याला तिने काहीच सांगितलं नाही. कसं सांगणार?

मित्रांनो, वर्षभर मी खुंटीवर धूळ खात होतो. परवा तिने मला काढलं, तेच मेण वितळवलं आणि मला पुन्हा आतून लिंपलं. आता गोठ्याचा मालक विल्मेर आहे आणि त्याच्या कानशिलांवर केस पिकू लागले आहेत. आज सण आहे. सकाळी तो किटली घेऊन आला. "बाबांचं शिंग मीच धुणार, आता दर वर्षी," तो म्हणाला आणि त्याने मला हातात घेतलं.

सातुर्नीनाने माझ्या तोंडावर आपला तळवा ठेवला. उकळत्या किटलीसमोर, तसाच.

"नको, पोरा."

"का गं आई? पुन्हा मळ साचला असेल."

"मळ नव्हता तो," ती म्हणाली. मग तिने सगळं सांगितलं. नर्सचं बोलणं, मेण, काजळी, एकेक थर. आवाज चढवला नाही आणि काही लपवलंही नाही.

तुमच्या घरात कुणी वडीलधारं माणूस असेल, मित्रांनो, तर त्याचा मान प्याल्याने मोजू नका. त्याच्या अंगातली ताकद ओसरली असेल तर ते त्याला तोंडावर सांगा, तो रागावला तरी सांगा. गुपचूप सांभाळू नका. मी असाच सांभाळायचो, आणि ते सगळं वाहून जायला एक किटली पुरली.

विल्मेरने किटली खाली ठेवली. मग त्याने मलाही खाली ठेवायला हात वाकवला, आणि तसाच थांबला. मला बूड नाही. तो अजून मला हातात धरूनच उभा आहे.