शेवटच्या टेबलाची वाफ

इस्त्री फिस्सकन थुंकली आणि पांढऱ्याशुभ्र कॉलरवर तांबूस डाग पसरला. सकाळपासून हा तिसरा!

"थुंक, बाई, थुंक!" वगीदा इस्त्रीवरच खेकसली. "तूसुद्धा साहेबाचीच!"

इजिप्तमधल्या महल्ला शहरातल्या त्या शर्टांच्या कारखान्यात वगीदा बावीस वर्षं इस्त्री करत होती. तिचं टेबल बॉयलरपासून सगळ्यात लांब, अगदी शेवटचं. गेल्या आठवड्यात इंजिनियर रअफतने, बायकांच्या तोंडी 'बाशमुहंदिस'ने, गॅस वाचवायला बॉयलरचा दाब उतरवला. पुढच्या टेबलांचं झकास चाललं होतं. वगीदापर्यंत येईतो मात्र वाफेचं पाणी व्हायचं, आणि ते गंजासकट शर्टावर उतरायचं. डागाळलेल्या शर्टाचे पैसे कापायचे ते इस्त्रीवालीच्या पगारातून! आता आणखी एक डाग, की रवानगी खाली पॅकिंगला, अर्ध्या पगारावर.

"अगं, तोटी उघड की," शेजारची इन्शिराह कुजबुजली.

नळीत साचलेलं पाणी सोडायची तोटी टेबलाखालीच होती. वगीदाने ती पायानेच फिरवली. पाणी निघून गेलं, मागोमाग कोरडी वाफ आली, आणि इस्त्री अशी काही पळायला लागली की काय सांगावं! तोटी तिने तशीच उघडी ठेवली.

दुपारी रअफत तरातरा आला, टेबलाखाली वाकला आणि किंचाळलाच.

"ही कुणी उघडली? तिकडे मी मालकांना बचत दाखवतोय, आणि इथे सगळी वाफ गटारात!"

बायकांच्या माना खाली गेल्या.

"मी उघडली, बाशमुहंदिस," वगीदा म्हणाली.

"कुणाला विचारून?"

"ह्या शर्टाला विचारून! गॅस किती वाचला ते मोजलंत ना? मग नासलेले शर्ट कुठे धरलेत?"

"शर्ट माझ्या हिशोबात येत नाहीत, हाज्जा. ते दुसऱ्या खात्याचं काम."

"हाज्जा कसली? मक्केला कुठे गेलेय मी अजून! तुमच्या बचतीतून पाठवा, मग म्हणा!"

इन्शिराहला हसू आवरेना. रअफतचे कान लाल झाले. "उद्यापासून पॅकिंगला," एवढंच बोलून तो निघून गेला.

वगीदाच्या टेबलावर रावया आली. लग्न ठरलेलं, फ्रिजसाठी पैसे जमवणारी कोवळी पोर. दुसऱ्या दिवशी ती शर्टांचा गठ्ठा घेऊन खाली आली तेव्हा भाजलेलं बोट तोंडात होतं.

"खाला, ह्याचे पैसे कापतील का हो?"

कॉलरवर तोच तांबूस डाग! वगीदाला आधी आनंदच झाला. असे दहा शर्ट मालकासमोर आपटले की रअफतची बचत जाईल भोकात!

"तोटी का नाही उघडलीस, शहाणे?"

"तारेने बांधून टाकलीय."

वगीदाने शर्ट उचलला आणि दारापर्यंत गेलीसुद्धा. मागे वळून पाहिलं, तर रावया अजून बोट चोखत उभी.

"जा वर. रडू नकोस उगाच!" वगीदा तिच्यावरच ओरडली.

बावीस वर्षांत खराब शर्ट तिने कधी पुढे जाऊ दिला नव्हता. तिने शिंप्याचा पांढरा खडू घेतला आणि डागावर इतका कचकचून घासला की त्याचे दोन तुकडे झाले. मग शर्टाची नीट घडी घातली, गठ्ठ्याच्या मधोमध सारली आणि पुढचा शर्ट ओढला.