बटाट्यावरचं औषध

माझ्या मुलीने बेर्नार नावाच्या म्हाताऱ्याला चारचौघांत खोटारडा म्हटलं. खोटं तो बोलला नव्हता, मी बोललो होतो. आता मी ही गोष्ट कुणालाही सांगतो, पण सांगायला हवी होती तेव्हा माझी वाचा बसली होती.

मी मूळचा निफाडचा. पिकांवरच्या बुरशीत डॉक्टरेट केली, अमेरिकेत मिनेसोटात आलो आणि बुरशीनाशकं बनवणाऱ्या कंपनीत तीस वर्षं काढली. ईडन प्रेरीतलं हे घर, आश्लेषाचं शिक्षण, सगळं त्या औषधांवरच झालं. आणि हीच आश्लेषा आयटीतली चांगली नोकरी सोडून फ्रान्सच्या उत्तरेला, लाँ नावाच्या गावाजवळ, सेंद्रिय वाइन करायला गेली. बापाने जन्मभर बुरशी मारली आणि लेक तिच्याशी बोलणी करायला निघाली. मित्रमंडळीत मी हे हसत हसत सांगायचो, पण आतून जळत होतो.

एके काळी म्हणे राजेलोक त्या टेकड्यांवरची वाइन प्यायचे. पुढे वेलींवर रोग आला, मग लढाया आल्या, आणि द्राक्षं गेली ती गेलीच. आता सगळीकडे गहू, बीट आणि बटाटे. बेर्नारही बटाटेवालाच, पंचाहत्तरीचा, एकटा. त्याने आपली उतारावरची एकरभर जमीन हिला कसायला दिली, कारण मरायच्या आधी तिथे एकदा द्राक्षं बघायची त्याची इच्छा होती. तीन वर्षं रासायनिक औषधाचा थेंबही पडला नाही तर सेंद्रियचा दाखला मिळणार होता. चालायचं ते फक्त मोरचूद आणि चुना, म्हणजे आपलं बोर्डो मिश्रण, तेसुद्धा वर्षाला ठरलेलं तेवढंच. निफाडला माझे काका हेच मारायचे. मी तिला फोनवर म्हणायचो, बाई गं, आम्ही हे सोडून पुढे आलो आणि तू विमानात बसून परत तिथेच निघालीस. त्यावर ती तासभर भांडायची. दोघांनाही त्या भांडणाची सवय झाली होती, आवडही असेल.

गेल्या उन्हाळ्यात तिसरं वर्ष संपत आलं होतं. जुलैत माझ्या बायकोची, शैलजाची, बायपास ठरली आणि आश्लेषा वेली बेर्नारवर सोपवून दहा दिवसांसाठी इकडे आली. रात्रभर ती हॉस्पिटलमध्ये आईजवळ बसायची आणि सकाळी घरी येऊन झोपायची. पाचव्या दिवशी सकाळी सातला ती नुकती आडवी झाली होती, तेवढ्यात ओट्यावर चार्जिंगला लावलेला तिचा फोन वाजला. बेर्नार होता. मी उचलला.

त्याचं इंग्रजी तोडकंमोडकं, पण द्राक्षांवरच्या डाउनी रोगाला भाषा लागत नाही. चार दिवस सतत पाऊस, मोरचूद धुऊन गेलेलं, पानांवर तेलकट डाग आणि खालून पांढरी बुरशी. आणखी पाऊस येणार होता आणि मोरचुदाची वर्षाची मुभाही संपत आली होती. आश्लेषाला विचार, म्हणाला, काय करू?

तिच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. अंगातलं जॅकेटही न काढता ती पालथी झोपली होती. मी तिला उठवायला हवं होतं. उठवलं नाही, कारण तिचं उत्तर मला ठाऊक होतं. द्राक्षं गेली तर जाऊ देत, असंच म्हणाली असती.

मी बेर्नारला विचारलं, बटाट्याच्या करप्यावर काय मारतोस? त्याने नाव सांगितलं. त्या औषधावर मी स्वतः सहा वर्षं काम केलं होतं. करपा आणि डाउनी एकाच भावकीतले, एकाला लागू पडतं ते दुसऱ्यालाही पडतं. मी म्हटलं, तेच मार, आजच्या आज.

त्याने विचारलं, "हे आश्लेषा सांगतेय?"

"हो," मी म्हणालो. "तीच सांगतेय."

त्यात माया होती हे खरं, पण मिजासही होती. आपलं औषध तिच्या टेकडीवर जिंकावं असं मला वाटत होतं. ती उठल्यावर मी एवढंच सांगितलं की बेर्नारचा फोन होता, पाऊस आहे म्हणत होता. तिने त्याला फोन केला, तो 'औषध मारलं' म्हणाला, आणि ती मोरचूद समजली.

परत गेल्यावर तिने हिरव्यागार वेलींचे फोटो पाठवले. मोरचुदाला ती कॉपर म्हणायची. म्हणाली, "कॉपरने वाचवलं, बाबा. तुम्ही कधी बिलीव्ह केलं नाहीत." असेल बाई, मी म्हटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. खरं सांगतो, ते दिवस मी मजेत घालवले.

ऑगस्टच्या शेवटी तपासनीस येऊन पानं घेऊन गेला. अहवालात बटाट्याच्या औषधाचं नाव आलं. दाखला गेला आणि तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून. तिने बेर्नारला विचारलं, तर तो म्हणाला, तुझ्या वडिलांनी तुझा निरोप दिला. तिने तिथूनच मला फोन लावला. मागे गावातल्या माणसांचे आवाज येत होते.

"बाबा, स्पीकरवर ठेवलंय. फक्त एकदा सांगा. तुम्ही त्याला असं काही सांगितलं होतं का? मला माहितीय, नाही सांगणार. तुम्ही भांडता, पण तोंडावर भांडता."

मी नाही म्हणालो.

मग ती त्याला फ्रेंचमध्ये काहीतरी बोलली. शब्द मला कळले नाहीत, आवाज कळला. सगळ्यांसमोर त्याला खोटारडा म्हणाली होती, हे नंतर कळलं.

ऑक्टोबरात ती जमीन परत करून कायमची इकडे आली. पुन्हा सुरू का करत नाहीस, असं शैलजाने विचारलं, तर म्हणाली, वर्षांचं काही नाही गं आई, त्या माणसाचं तोंड बघवत नाही. तिला नोकरी लागली, ती वरच्या खोलीत राहू लागली. लेक घरी यावी म्हणून मी देव पाण्यात घालून बसलो होतो. आता ती रोज समोर जेवायला बसायची आणि मी भराभर जेवून उठायचो. उद्या सांगू, उद्या सांगू, करत हिवाळा गेला.

मार्चमध्ये एका संध्याकाळी आम्ही तिघं जेवत असताना तिला तिकडच्या शेजारणीचा मेसेज आला. बेर्नार गेला होता.

"शेवटपर्यंत स्वतःचं खोटं ॲडमिट केलं नाही," आश्लेषा म्हणाली. तिचा आवाज ओला झाला होता. "शेजारीण लिहितेय, शेवटच्या आठवड्यातसुद्धा तेच बोलत होता, की मी तर विचारलं होतं, मी तर विचारलं होतं."

"तो खरं बोलत होता," मी म्हणालो. "मीच सांगितलं त्याला. तुझं नाव घेऊन."

शैलजाने हातातला डाव खाली ठेवला. आश्लेषा माझ्याकडे बघत राहिली, आणि तिला हळूहळू पटत गेलेलं मला दिसलं. मी हात जोडून माफी मागितली. पोटच्या मुलीपुढे हात जोडायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

"माझी कशाला मागताय, बाबा?" ती म्हणाली. "मी जिवंत आहे."