सड्यावरचे बूट

मी बाईचा बूट आहे, आणि मालगुंडाजवळच्या या गावात माझ्याबद्दल एकही चांगला शब्द मी ऐकलेला नाही. तेव्हा माझी हकिगत मीच सांगतो.

मी आणि माझा जोडीदार विलायतेत जन्मलो. पोटरीपर्यंत चढणारं तपकिरी कातडं, पुढे नाडी, खाली उंच टाच. काचेच्या कपाटात होतो तेव्हा रस्त्यानं जाणाऱ्या मडमा थांबून आमच्याकडे बघायच्या. मला वाटायचं, जग असंच असतं. मग सन अठ्ठावीसमध्ये आगबोटीवरचा खलाशी लवू दुकानात शिरला आणि बायकोसाठी आम्हाला घेऊन गेला.

दसरा झाल्यावर तो घरी आला. त्याच्या बायकोनं, दमयंतीनं, आम्हाला मांडीवर घेतलं आणि कितीतरी वेळ नुसता हात फिरवला. तेवढ्यात तिची सासू यमुनाबाई चुलीपासून उठून आली.

"कातडा घरात? पडवीत ठेव. तुळशीवरना नेऊ नको."

तेव्हापासून मी पडवीतच आहे.

लवूला फक्त फोटो हवा होता. दोघं होडीनं रत्नागिरीला गेली. फोटोवाल्यानं दमयंतीला खुर्चीवर बसवून लुगड्याचा काठ जरा वर घ्यायला लावला, म्हणजे आम्ही दिसू. परत येताना बंदरावर लवूचे दोस्त भेटले. "बायकोची मडमीण केलीस काय रे?" असं म्हणून ते हसत सुटले. लवूही हसला. घरी आल्यावर मात्र तो म्हणाला, "फोटो झाला. आता बांधून ठेव. बाहेर घालायचे नाय."

पण दमयंतीच्या मनात वेगळंच होतं. गवतकापणी तोंडावर आली होती. गावाच्या वर सडा आहे, नुसत्या कातळाचा माळ. तिथल्या गवतात फुरशी असतात. वीतभर साप, दगडाच्याच रंगाचा. पाय पडेपर्यंत दिसत नाही. दमयंतीची आई फुरसं डसूनच गेली होती.

"मी हे घालून सड्यावर जाणार," ती म्हणाली.

"येवढ्या लांबना आणले ते गवतात घालायला? टाच मोडंल."

"मोडूं दे. पाय माझा हाय."

लवूनं बोलणंच टाकलं. त्याची आगबोट आली तसा तो निघून गेला. जाताना त्यानं मागे वळून पाहिलं नाही.

सड्यावर बायका ओळीनं गवत कापत. ओळीच्या पुढे असायची शेजारची गंगुबाई. आम्हाला बघताच ती म्हणाली, "ही आमच्यात नको. तिकडं लांब काप." दमयंती लांब गेली. कातळावर आमच्या टाचा टकटक वाजत आणि प्रत्येक आवाजाला तिकडून हसणं येई. दुपारी माझी टाच फटीत अडकून दमयंती तोंडावर पडली. उठवायला कुणी आलं नाही. संध्याकाळी तिनं कोयता घेतला आणि आमच्या टाचा तोडून टाकल्या. विलायतेतली सगळी ऐट त्या घावांत संपली. त्या रात्री मला तिचा फार राग आला. पण दुसऱ्या दिवशी ती सरळ चालली, हे मान्य करायला हवं.

पुढे एकदा गवतात पाऊल टाकलं आणि माझ्यावर काहीतरी आदळलं. दात कातड्यात रुतले, पण आरपार गेले नाहीत. दमयंतीनं ओरडतच कोयत्यानं फुरसं तोडलं. बायका धावत आल्या. माझ्यावरच्या खुणा त्यांनी पाहिल्या. मला वाटलं, आता तरी.

"पाय आपटून आपटून जनावर उठवलंन हिनं," गंगुबाई म्हणाली. "आता आमच्यातली कोणतरी जायची."

त्या दिवसापासून तिच्याशी कुणी बोलेना. पाणवठ्यावर ती आली की बायका कळशा उचलून चालू लागत. यमुनाबाई तिच्यापुढे भाताचं ताट आदळून ठेवी.

दुसऱ्या वर्षी गंगुबाईची थोरली सून फुरसं डसून गेली. तेरावं झालं आणि गंगुबाई आमच्या अंगणात येऊन उभी राहिली. पडवीतल्या दमयंतीनं तिला बस म्हटलं नाही.

"दमयंती, ते बूट दे गो. राही सड्यावर जायला बघत नाय." राही म्हणजे तिची धाकटी सून.

"मडमिणीचे बूट तुझ्या सुनेला कशाला, काकी?"

"दे म्हणतंय ना."

"नाय देत."

गंगुबाई गेली. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू?

सकाळी आम्ही सड्यावर गेलो. राही तिथे एकटीच होती. सासूनं शेवटी हाकललंच होतं तिला. पायांना गोणपाटाच्या चिंध्या गुंडाळून ती एकेक पाऊल चाचपत टाकत होती, रडत होती आणि गवत कापत होती. दमयंतीनं हातातला कोयता खाली ठेवला. मग दगडावर बसून तिनं नाड्या सोडल्या आणि आम्हाला राहीपुढे फेकलं.

"घाल. सासूला सांग, तिच्यासाठी नाय दिले."

राहीनं आम्हाला पायांत चढवलं. ती गवत तुडवत पुढे निघाली आणि अनवाणी दमयंती तिच्या पावलांवर पाऊल ठेवत मागून. दुपारनंतर दमयंती पुढे, राही मागे. पुढची कितीएक वर्षं त्या दोघींनी असंच गवत कापलं. बूट जिच्या पायांत, ती पुढे. गंगुबाई आणि दमयंती मात्र एकमेकींशी पुन्हा बोलल्या नाहीत.

आता माझा तळ उसवलाय, जोडीदाराला भोक पडलंय. दमयंतीनं लवूला निरोप धाडलाय, येताना दोन जोड घेऊन या. ते आले तर मला खुशाल उकिरड्यावर टाका, मी कुरकुरणार नाही. पण नाही आले, तर कुणीतरी दाभण घ्या आणि मला आणखी एकदा शिवा. वर सड्यावर गवत तयार झालंय.