‘सेट’चं दुसरं मूळ

“थांब. अर्धविराम म्हणालीस की स्वल्पविराम?” सरांनी विचारलं.

“अर्धविराम,” ती म्हणाली आणि पुढे वाचू लागली.

सरांची दृष्टी गेल्यापासून इंग्रजी शब्दकोशाची छपाईआधीची मुद्रितं कोशाच्या कचेरीत काम करणारी ती त्यांच्या घरी येऊन वाचून दाखवायची. वाचायची रीत त्यांनीच तिला लावलेली: शब्दांबरोबर प्रत्येक विरामचिन्हही मोठ्याने म्हणायचं. यापेक्षा पाढे बरे, असं त्यांची सून चहा ठेवता ठेवता म्हणायची.

आज ‘सेट’ची पाळी होती. या एवढ्याशा शब्दावर सरांनी उमेदीची वर्षं घातली होती. सूर्य मावळतो ते सेट, मोडलेलं हाड बसवतात ते सेट, सिमेंट घट्ट होतं तेही सेट आणि कपबश्यांचाही सेटच. पण ही सगळी एका आईची लेकरं नव्हेत, हे दाखवण्यात त्यांचा जीव होता. ‘बसवणं’ जुन्या इंग्रजीतलं. ‘संच’ मात्र लॅटिनमधल्या ‘अनुयायांचा गट’ अशा अर्थाच्या शब्दापासून, फ्रेंचमार्गे आलेला. शेजारी राहून राहून दोघांचे चेहरे सारखे झाले, असं सर म्हणत.

या दुसऱ्या मुळाचा भाग पानात मावत नव्हता. काढायचा का, असं मुख्य संपादकांनी तिला विचारलं होतं. ती ‘चालेल’ म्हणाली होती आणि तिनेच स्वतःच्या हाताने तो काढला होता. सरांना सांगायचं मात्र रोज उद्यावर गेलं.

अर्थ वाचून संपले. सर सावरून बसले. आता त्यांचा भाग येणार होता. तिची जीभ रेटेना. मग तिने तोंडपाठ मजकूरच म्हणायला सुरुवात केली, लॅटिनपासून फ्रेंचपर्यंत, न अडखळता. सरांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं आणि हळूहळू विरून गेलं.

“चिन्हं कुठे गेली गं?”

ती म्हणता म्हणता थांबली.

“पानावर नाहीये ना हे?”

“नाही, सर.”

“कोणी काढलं?”

मुख्य संपादकांचं नाव अगदी ओठांवर आलं होतं. “मी,” ती म्हणाली.

सर मागे टेकले. मग म्हणाले, “आहे तेवढं वाच. पहिल्यापासून.”

तिने जमेल तितकं सावकाश वाचलं. तरी लवकरच संपलं. कागद मांडीवर ठेवून ती बसली. सर मान किंचित कलती करून, पुढचं ऐकायला तसेच बसून होते.