आतून कोरा

पुंजाजींनी थाप मारली आणि त्यांचं तोंडच उतरलं. मृदंग वाजला, चांगला खणखणीत वाजला, आणि खोट तिथेच होती.

हा मृदंग कधी खणखणीत नव्हताच. अडतीस वर्षांपूर्वी त्यांनीच खैराचं हे खोड कोरलं होतं, बडनेऱ्याच्या भजनात वाजवणाऱ्या नत्थुजींसाठी. पुंजाजींचा नियम एकच. बाहेरून जवसाचं तेल जिरवायचं, आतून काही म्हणजे काही लावायचं नाही. आतलं लाकूड कोरं असलं तरच ते थाप थोडी पितं, घुमवतं आणि मग सोडतं. अकोल्यातल्या त्यांच्या दुकानात पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाला हे ऐकावंच लागे, मग तो नुसता पत्ता विचारायला का आलेला असेना.

नत्थुजींना लकवा मारून सात महिने झाले होते. वाचा गेली होती. मुलगी कौशल्या सांगत होती की बाबा डाव्या हाताच्या बोटांनी गोधडीवर ठेका धरतात, एकदा त्यांचा मृदंग त्यांच्यापुढे वाजला तर बोलतीलही. पण मृदंगाची पानं, दोन्ही तोंडांवरची कातडी, फाटलेली, म्हणून ती तो घेऊन आली होती. पुंजाजींनी पानं उतरवली तर आतून भुसा गळला. लाकडाला किडा लागला होता.

रॉकेल पाजून चार उन्हं दाखवली असती तरी भागलं असतं. पण पुंजाजींना तेवढ्यावर भरवसा वाटेना. आयुष्यात शेकडो खोडं कोरली, पण ज्याचा आवाज ऐकायला ते पैसे मोडून बडनेऱ्याला जात, ते हे एकच. किड्याला कुठे जागाच राहू नये म्हणून त्यांनी आतून व्हॉर्निशचे दोन हात मारले. ज्यानं जन्मभर दुसऱ्यांना दटावलं, त्यानंच. हात कसा धजला, कोण जाणे.

मग आठ दिवस ते काचेच्या तुकड्यानं आतून खरवडत बसले. बोटं सोलून निघाली. व्हॉर्निश लाकडाच्या शिरांत उतरलं होतं, ते काय बाहेर येतं! पुन्हा पानं चढवली, वाद्या ताणल्या, थाप मारली. तोच आवाज. मुलगा विपुल म्हणाला की पहिल्यापेक्षा भारी वाजतो, जाऊ द्या आता. पुंजाजी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

बडनेऱ्याला जाताना गाडीत त्यांनी ठरवलं होतं, कौशल्याला आधी खरं सांगायचं. पण ती दारातच उभी होती, डोळे भरून. शेजारपाजारही जमला होता. पुंजाजी मृदंग घेऊन तसेच आत गेले.

नत्थुजी खाटेवर भिंतीला टेकून बसवलेले. पुंजाजींनी मृदंग मांडीवर घेतला आणि वाजवला, येत होतं तेवढं सगळं वाजवलं. लोकांनी माना डोलावल्या. आवाज कसा लख्ख झाला, असं कुणीतरी म्हणालंही. पुंजाजी मात्र गोधडीवरच्या त्या डाव्या हाताकडे बघत होते. बोटं हलली नाहीत. नत्थुजींची नजर दाराकडे होती, कुणी यायचं राहिलं असावं तशी.

मग त्यांचे ओठ हलले. शब्द फाटका होता, पण साऱ्यांना कळला.

"माहा मुरदुंग आन."

कौशल्या रडतच खाटेवर वाकली. "बाबा बोलले वो! बाबा, हाच तर हाय तुमचा. काकानं नवा करून आनला."

नत्थुजींनी मान हलवली. नाही. आणि पुन्हा दाराकडे पाहिलं.

कौशल्या आनंदानं आतबाहेर करत होती, कुणी भावाला फोन लावायला सांगत होतं, कुणी साखर आणली. पुंजाजींनी खोळ घेतली, मृदंगावर चढवली आणि नाडी आवळली. मग खाटेपाशी जाऊन तो ठेका न धरलेला डावा हात आपल्या सोललेल्या बोटांत धरला.

"आनतो, नत्थुजी," ते म्हणाले. "आनतो."